फ्रीझरमधून काढल्यावर कुकीज चिकट होतात, रंग पसरतो, डाग पडतात : घोळ नक्की कुठे होतो

बारशाची नाहीतर राखीची ऑर्डर असते, आठवडाभर आधी कुकीज करून सजवून डब्यात भरून फ्रीझरला टाकलेल्या असतात, डिलिव्हरीच्या दिवशी सकाळी डबा काढून झाकण उघडलं तर एकदम मस्त, आयसिंग कडक, रंग जागच्या जागी. आणि अर्ध्या तासाने परत बघावं तर वर बारीक बारीक थेंब, बोट लावलं की चिकटतंय, आणि लाल रंग पांढऱ्यात शिरलाय. जून ते ऑक्टोबर ही तक्रार इतक्या जणींकडून ऐकू येते आणि दर वेळी निष्कर्ष तोच, की रॉयल आयसिंग, म्हणजे पिठीसाखरेचं वाळून कडक होणारं आयसिंग, आपल्याकडे फ्रीझ होतच नाही. होतं हो. नीट पॅक केलेल्या कुकीज तीन महिने आरामात राहतात. फ्रीझरच्या आत कुकीला फारसं काही होत नाही, जे व्हायचं ते एकतर आत जायच्या आधीच झालेलं असतं, नाहीतर बाहेर आल्यावरच्या पहिल्या काही तासांत होतं. दोष मात्र फ्रीझरला.

म्हणून उपाय करायच्या आधी डाग नीट बघा, कारण वरून सगळे सारखेच वाटतात पण कारणं पार वेगळी आहेत.

बारीक गोल ठिपके, त्या जागची चमक गेलेली, हात लावला तर चिकट, आणि हे सगळं कुकी बाहेर काढल्यावर तासा-दोन तासांत झालं असेल तर ते पाणी आहे. हाताला कोरडं लागतंय पण पांढऱ्या आयसिंगवर नकाशासारखे मोठे वेडेवाकडे धब्बे, जरा करडे, जरा पारदर्शक, कागदावर तेल सांडल्यावर दिसतात तसे, तर ते बटर आहे, खालच्या कुकीतलं वर चढलेलं, आणि ते फ्रीझर नसतानाही दोन-तीन दिवसांत होतं. दोन रंगांच्या सीमेवर पिसासारखं फुटलेलं दिसत असेल तर रंग पसरलाय, आणि तो पाण्यामुळेही पसरतो आणि मुळात आयसिंग ओलं असल्यामुळेही. आणि बारीक खड्डे, विशेषतः डोळे, फुलांच्या पाकळ्या, अक्षरं अशा छोट्या भागात मधोमध खचलेलं आयसिंग, हे तर वाळतानाच झालेलं असतं, फक्त घाईत आपलं लक्ष गेलेलं नसतं.

अजून खात्री हवी असेल तर पुढच्या वेळी त्याच बॅचमधली एक कुकी फ्रीझ न करता नुसती सील करून कपाटात ठेवा. तिच्यावरही तोच डाग आला तर फ्रीझरचा काही संबंध नाही, रेसिपी किंवा वाळवणं बघा. ती चांगली राहिली आणि फ्रीझरमधलीच बिघडली तर पॅकिंग किंवा बाहेर काढायची पद्धत. हा एक कुकीचा खर्च करा, बरंच डोकं वाचतं.

पाण्याचं गणित

फ्रिजमधली पाण्याची बाटली टेबलावर ठेवली की तिला घाम फुटतो, कुकीचं तेच. हवेत वाफ किती आहे त्यावर एक तापमान ठरतं आणि त्याहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर हवेतलं पाणी जाऊन बसतं, हे दवबिंदू तापमान, फोनमधल्या हवामानाच्या अॅपमध्ये ड्यू पॉइंट म्हणून दाखवतात तेच. आता मुंबई-ठाण्यात जुलैमध्ये २८ डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रता धरा, हा आकडा येतो जवळपास २५ डिग्री. म्हणजे उणे १८ ला असलेली कुकी उघडी बाहेर ठेवली तर ती २५ डिग्रीला येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ शेवटपर्यंत, तिच्यावर पाणी बसतच राहणार. एसीच्या खोलीत २४ डिग्री आणि ५० टक्के असेल तर तोच आकडा १३ च्या आसपास. आणि अमेरिकेत न्यू जर्सीला जानेवारीत हीटर चालू असलेल्या घरात २१ डिग्री आणि ३० टक्के असेल तर जेमतेम ३ डिग्री.

आता कळलं ना तिकडच्या रेसिपीत नुसतं "दोन तास बाहेर ठेवा" एवढंच लिहून का भागतं. ख्रिसमसच्या थंडीत लिहिलेली रेसिपी आपण ऑगस्टमध्ये दादरला करतो आणि मग आपलाच हात वाईट असं वाटायला लागतं. (तिकडे राहणाऱ्या मराठी मैत्रिणींनो, जुलैत एसी बंद ठेवून करून बघा, तुमचीही दादरच होते.) पुण्यात डिसेंबर-जानेवारीत हे प्रॉब्लेम निम्म्याहून कमी, नागपूरला तर एप्रिल-मे मध्ये पाण्याचा त्रास बराच कमी, तिथे बटरचा त्रास, त्यावर खाली येते.

अजून एक गोष्ट, साखर स्वतःच हवेतलं पाणी ओढते. आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या वर गेली की साधी साखर आपणहून विरघळायला लागते, म्हणजे पावसाळ्यात कोकणात, गोव्यात, मुंबईत उघडी ठेवलेली सजवलेली कुकी फ्रीझरचं तोंड न बघताही चिकट होणारच. त्यात चमक यावी, आयसिंग मऊ लागावं म्हणून लिक्विड ग्लुकोज किंवा कॉर्न सिरप घातलं असेल तर अजूनच लवकर, कारण ते साखरेपेक्षा जास्त पाणी धरतं. पावसाळ्यात मी ते घालतच नाही. चमक हवी तर फ्लडिंग (रेघेच्या आतला भाग पातळ आयसिंगने भरणं) केल्या केल्या पंख्याखाली ठेवायची, वरचा थर पटकन बसतो आणि चमकतोही.

मग बाहेर काढायचं कसं

डबा फ्रीझरमधून काढायचा आणि उघडायचा नाही. बस. बाकी सगळं याच्या आजूबाजूचं आहे. झाकण बंद असलं की पाणी डब्यावर बसतं, कुकीवर नाही. डबा बाहेरून ओला होईल, टेबलावर थारोळं होईल, होऊ दे, खाली नॅपकिन टाका. छोटा डबा असेल तर चार-पाच तास, मोठा भरलेला डबा असेल तर सरळ रात्रभर. वरून हात लावून ठरवू नका, झाकण लवकर गरम होतं, डबा उचलून तळाला हात लावा, मध्यभागी जरा जरी गार लागलं तरी थांबा. उघडायच्या आधी बाहेरचं पाणी पुसून घ्या, विशेषतः झाकणाच्या खाचेतलं, नाहीतर झाकण उचलताना तेच पाणी आत टपकतं आणि इतका वेळ थांबल्याचं मातेरं.

एसी असेल तर डबा एसीच्या खोलीत ठेवा आणि उघडायचा तोही तिथेच. नसेल तर घरातली सगळ्यात कोरडी खोली, स्वयंपाकघर नको, तिथे कुकरच्या शिट्ट्या आणि चहाचं आधण चालू असतं. घाई आहे म्हणून मायक्रोवेव्ह नाही, उन्हात नाही, आणि गार कुकी उघडी करून पंख्याखाली तर अजिबातच नाही, पंखा दमट हवाच आणून आणून तिच्यावर सोडतो.

काही जणी आधी फ्रिजमध्ये आणि मग बाहेर असं दोन टप्प्यांत करतात. डबा बंदच असेल तर त्याने नुकसान नाही पण फायदाही दिसत नाही, कारण फ्रिजमधून निघालेला डबा ४ डिग्रीचा आणि आपला दवबिंदू २५, घाम फुटायचा तो फुटणारच. बंद डब्याने सगळं काम होतं, मधला टप्पा उगाच.

डबा बंदच होता तरी आत थेंब

हा प्रश्न हमखास येतो, आणि रास्त आहे. दोन कारणं असतात. एक, आयसिंग वरून कडक पण आतून ओलं असताना डबा बंद केला, ती ओल बाहेर पडून झाकणाला आणि कुकीला लागली. दोन, डब्यात कुकी कमी आणि हवा जास्त. पावसाळ्याच्या हवेत लिटरमागे साधारण ०.०२ ग्रॅम पाणी असतं, म्हणजे पाच लिटरच्या रिकाम्या डब्यात ०.१ ग्रॅमच्या आसपास, दोन थेंब. ऐकायला काहीच नाही, पण ते गोठून कुकीवर बसतं आणि नंतर वितळतं, आणि काळ्या आउटलाइनवर अर्धा थेंब पडला तरी पुरे. त्यामुळे डबा शक्यतो एसीच्या खोलीत भरायचा, कुकीजच्या मापाचा घ्यायचा, आणि जागा उरलीच तर बटर पेपरचे बोळे करून भरायची.

सगळ्यात खात्रीचं म्हणजे प्रत्येक कुकी वेगळ्या पारदर्शक पिशवीत घालून हीट सीलरने बंद करायची आणि मग त्या पिशव्या डब्यात. गिफ्टिंगसाठी तशीही पिशवी करावीच लागते, तर ती फ्रीझ करायच्या आधीच करा. यात डबा चुकून लवकर उघडला तरी पाणी पिशवीवर बसतं. सील नीट बसलंय का ते पिशवी हलकी दाबून बघा, हवा सुटत असेल तर परत सील करा. फक्त स्टिकर लावून बंद केलेली पिशवी किंवा नुसती रिबिन बांधलेली पिशवी ही बंद पिशवी नव्हे.

सुट्ट्या ठेवायच्या असतील तर कडक, चपट्या तळाचा एअरटाइट डबा, प्रत्येक थरामध्ये बटर पेपर, दोन-तीन थरांच्या वर जाऊ नका, आणि उठावाची फुलं, रफल असलेल्या कुकीज सगळ्यात वर. डब्याभोवती क्लिंग फिल्मचे दोन वेढे नाहीतर अख्खा डबा झिपलॉक पिशवीत. टिशू पेपर मध्ये घालू नका, ओल आली की तोच आयसिंगला चिकटतो. आणि झिपलॉकमध्ये नुसत्या कुकीज घालून वर मटाराचं पाकीट ठेवलं तर कडा तुटणार आणि आयसिंगला तडे जाणार, तो थंडीचा दोष नाही.

वासाचं पण सांगते. बटर वास पटकन धरतं. आपल्या फ्रीझरमध्ये खवलेला नारळ, आलं-लसूण पेस्ट, कोणाकडे सुकट नाहीतर बोंबील, आणि त्याच्या शेजारी व्हॅनिलाच्या कुकीज. डब्यावर दोन आवरणं असतील तरी मासळीच्या कप्प्यात ठेवू नका. बारशाला आलेल्या पाहुण्यांना बोंबलाच्या वासाची हत्तीची कुकी द्यायची म्हणजे काय.

वाळवणं, म्हणजे अर्धी लढाई

कोरड्या हवेत फ्लडिंग केलेली कुकी आठ-दहा तासांत पॅक करण्याजोगी होते, पावसाळ्यात चोवीस तासांनीही मधोमध दाबलं तर बोट खचतं. फ्रीझ करायची असेल तर पूर्ण सुकलेलीच हवी, किमान रात्रभर, दमट हवेत पूर्ण दिवस-रात्र. नखाने कडेला हलकं टकटक करा, आवाज कडक आला पाहिजे.

एसी किंवा डीह्युमिडिफायर असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर सुकवण्याचं यंत्र, फळं वाळवतात ते फूड डीहायड्रेटर, ३५ ते ४० डिग्रीवर वीस-तीस मिनिटं, वरचा थर बसवायला इतकं पुरतं, नंतर पंखा. ओव्हन वापरायचा असेल तर फक्त आतला दिवा आणि पंखा चालू, हीटर नाही, कारण ओव्हन जास्त तापला की कुकीतलं बटर वितळून वर यायला लागतं आणि एक दुखणं घालवायला जाऊन दुसरं मागे लावून घेतलं असं होतं.

आयसिंग किती पातळ तेही बघा. सुरीने रेघ ओढली की ती पंधरा-वीस सेकंदांत मिटायला हवी. आठ-दहा सेकंदांत मिटत असेल तर त्यात पाणी जास्त आहे, ते उशिरा वाळणार, मधे खचणार, रंग सोडणार. छोट्या जागांसाठी तर अजून जरा घट्टच घ्या, आणि खड्डे पडू नयेत म्हणून फ्लडिंगच्या आधी आत त्याच रंगाची दोन-चार नागमोडी वळणं काढून ठेवा, आधाराला.

अंडं न खाणाऱ्यांची ऑर्डर आपल्याकडे बरीच, त्यामुळे मेरिंग पावडर (अंड्याच्या पांढऱ्याची पावडर) ऐवजी एगलेस मिक्स किंवा छोले उकडलेल्या पाण्याचं आयसिंग केलं जातं. फ्रीझ दोन्ही होतात. अंड्याशिवाय रॉयल आयसिंगला ताकद नाही असं कोणी म्हणालं तर पुण्याच्या प्राची धबल देब यांचं काम दाखवा, व्हेगन रॉयल आयसिंगमध्ये त्या अख्खे महाल उभे करतात. पण घरी केलेलं छोल्याच्या पाण्याचं आयसिंग माझ्या अनुभवात दमट हवेत जास्त वेळ घेतं, त्याला अर्धा दिवस जास्तीचा द्या.

बटरचे धब्बे

फ्रीझरमध्ये बटर गोठलेलं असतं त्यामुळे तिथे हे डाग वाढत नाहीत, पण आत जाताना सुरू झालेले असले तर बाहेर आल्यावर पुढे सरकतात आणि मग वाटतं फ्रीझ केल्यामुळे आले. कारणं नेहमीची तीन. कुकी कच्ची राहिली, कुकी कोमट असताना आयसिंग केलं, किंवा आयसिंग फार पातळ होतं. नेहमीच्या प्रमाणात, म्हणजे साधारण २२५ ग्रॅम बटरला २०० ग्रॅम साखर आणि ३७५ ते ४०० ग्रॅम मैदा, बटर भरपूरच असतं, तिथे वर आणखी बटर घालून "खुसखुशीत" करायच्या भानगडीत पडू नका. १८० डिग्रीवर कडा हलक्या सोनेरी होईपर्यंत भाजा, फिकट पांढऱ्या कुकीज फोटोत छान दिसतात पण तेल त्याच सोडतात. भाजून झाल्यावर रात्रभर साध्या बटर पेपरवर किंवा किचन पेपरवर पसरून ठेवा, जास्तीचं तेल खाली उतरतं, सकाळी सजवायला घ्या. आणि मेमध्ये मुंजीच्या ऑर्डरी असतात तेव्हा पुण्यात, नगरला, विदर्भात खोलीच ३८-४० डिग्री असते, त्या दिवसांत सजवलेली कुकी फ्रीझरबाहेर जितकी कमी राहील तितकं बरं. पांढऱ्या आयसिंगमध्ये पांढरा जेल रंग थोडा घातला तर धब्बे कमी दिसतात, जात नाहीत, दिसत नाहीत एवढंच.

रंग

लाल, काळा, गडद निळा आणि गडद जांभळा, या चार रंगांनी छळ मांडलेला असतो. गडद रंग येईपर्यंत बाटली पिळत बसलं की आयसिंगमध्ये रंग आणि पाणी दोन्ही जास्त होतं आणि जरा ओल लागली की ते शेजाऱ्यात घुसतं. रंग मिसळून आयसिंग झाकून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी ते आपणहून एक-दोन छटा गडद होतं, म्हणजे रंग कमी लागतो. काळ्यासाठी सुरुवात पांढऱ्या आयसिंगपासून नको, थोडी कोको पावडर घालून तपकिरी करा आणि मग काळा. गडद भाग आधी भरायचा, पूर्ण वाळू द्यायचा, आणि पांढरा शेजारी दुसऱ्या दिवशी. दोन्ही ओले असताना शेजारी शेजारी भरलेल्या कुकीज फ्रीझ करायच्या यादीत धरूच नका, त्या पंधरवड्यात कपाटातल्या सीलबंद डब्यातूनच संपवायच्या. आणि डबा कुठेही ठेवलात तरी उजेडापासून लांब, जांभळा आणि गुलाबी उजेडात फिके पडतात, जांभळ्यातला गुलाबी उडून नुसता निळा उरतो.

काय फ्रीझ करायचंच नाही

आयसोमाल्टच्या (साखरेसारखा पदार्थ, वितळवून ओतला की काचेसारखा दिसतो) काचेच्या खिडक्या, साखरेच्या काचेचं काहीही, हे बाहेर येताच पाणी ओढून चिकचिकतं. वेफर पेपरची, म्हणजे खाता येणाऱ्या पातळ कागदाची, फुलं सुरकुततात. खायच्या पेनाने लिहिलेली बारीक नावं अगदी थोड्या ओलीतही फुटतात, ती बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आल्यावर लिहा. रंगीत साखरेचे दाणे, स्प्रिंकल्स रंग सोडतात, चंदेरी गोळ्या बहुतेक टिकतात. फाँडंट (लाटून लावतात तो साखरेचा मऊ गोळा) लावलेली कुकी फ्रीझ करता येते, पण बाहेर आल्यावर वरून चिकट होते, तिला कोरड्या खोलीत जास्त तास द्यावे लागतात आणि तोपर्यंत हात लावायचा नाही, ठसे उमटतात. जॅम भरलेल्या कुकीज नको, कुकीच मऊ पडते.

मला विचाराल तर मोठ्या ऑर्डरला, दिवाळीला खास करून, न सजवलेल्या कुकीज फ्रीझ करणं सगळ्यात कमी कटकटीचं. भाजून गार केलेली साधी कुकी महिनाभर आधी करून ठेवा, दोन-तीन महिने सुद्धा चालते, पीठ लाटून कापून ठेवलं तरी तेवढंच टिकतं, आणि सजावट शेवटच्या चार-पाच दिवसांत. साध्या कुकीवर चुकून थेंब पडला तरी पाच मिनिटं १५० डिग्रीच्या ओव्हनमध्ये घालून परत कुरकुरीत करता येते, सजवलेल्या कुकीला ती सोय नाही. सजवलेल्या फ्रीझ करायच्या त्या फक्त जिथे काम बारीक आहे, नग भरपूर आहेत आणि शेवटच्या आठवड्यात मावणार नाहीत.

फ्रिज, फ्रीझर आणि लाइट जाणं

फ्रिज, म्हणजे खालचा भाग, हा सजवलेल्या कुकीसाठी सगळ्यात वाईट. बाहेरही नाही आणि गोठलेलंही नाही, दिवसातून वीस वेळा दार उघडतं, दर वेळी दमट हवा आत, कुकी मऊ पडते, आयसिंग चिकट. सीलबंद कुकी कपाटात दोन-तीन आठवडे राहते, त्यापुढे फ्रीझर, मधलं काही नाही. हे गिऱ्हाईकाला लिहूनच द्या, कारण आपल्याकडे "खराब होऊ नये म्हणून" सगळं फ्रिजमध्ये ठेवायची सवय, आपण चांगल्या दिलेल्या कुकीज आजी प्रेमाने फ्रिजमध्ये ठेवतात आणि संध्याकाळी फोटो येतो. पाकिटावरच छापा, फ्रिजमध्ये ठेवू नका, पिशवी खातानाच उघडा.

सिंगल डोअर फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यावर फार भरवसा ठेवू नका, तिथे तापमान वरखाली होतं आणि बर्फ काढायला फ्रिज बंद केला की डबा पाण्यात. डबल डोअर फ्रॉस्ट फ्रीमध्ये बर्फ साठू नये म्हणून हीटर मधून मधून आपोआप चालू होतो, त्याचा सीलबंद डब्यावर फारसा परिणाम नाही, डबा फक्त मागच्या बाजूला ठेवा, दाराच्या कप्प्यात नको. लाइट गेली तर दार उघडून बघत बसू नका. भरलेला फ्रीझर बंद राहिला तर बराच वेळ गार राहतो, अर्धा रिकामा असेल तर त्याच्या निम्मा वेळ. लाइट आल्यावर डबा मऊ लागला, गार पण गोठलेला नाही असा, तर परत फ्रीझ करू नका, तसाच बंद डबा बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आणा आणि त्या कुकीज आता कपाटातल्या समजा, आठवड्या-दीड आठवड्यात संपवा.

आणि आधीच बिघडल्या असतील तर

नुसत्या चिकट झाल्या असतील, रंग जागेवर असेल, तर हात न लावता जाळीवर एकेक सुट्टी पसरा, एसी चालू, पंखा मंद, चार-सहा तास. चमक पूर्ण परत येत नाही पण कडक होतात आणि पॅक करता येतात. ठिपक्यांमुळे चमक गेलेली असेल तर कोरड्या झाल्यावर वरून मोत्यासारखी लस्टर डस्ट, म्हणजे खायची चमकदार भुकटी, कोरड्या ब्रशने फिरवा, बऱ्यापैकी झाकलं जातं. रंग पसरला तो पसरला, तो खेचून मागे नेता येत नाही, पण सीमेवर घट्ट आयसिंगची नवी रेघ, मण्यांची ओळ, वेलबुट्टी काढली तर गिऱ्हाईकाला कळत नाही. ओल्या कापडाने पुसायला जाऊ नका, त्याने लाल गुलाबी होऊन सगळीकडे जातो. बटरच्या धब्ब्यांवर पांढऱ्यात थोडा पांढरा जेल घालून ओल्या ब्रशने टेक्स्चर दिलं, किंवा वरून दुसऱ्या रंगाचं डिझाइन चढवलं तर चालतं, पण ती ऑर्डर त्याच दिवशी द्या, दोन दिवसांनी धब्बा परत डोकं वर काढतो.

आयसिंग कुकीपासून सुटून पापुद्र्यासारखं निघत असेल तर खाली बटर पेपरवर ठेवून आयसिंगच्याच दोन थेंबांनी चिकटवा आणि वाळू द्या, आणि पुढच्या वेळी सजवायच्या आधी कुकीच्या वरच्या बाजूचं पीठ आणि तेल कोरड्या ब्रशने, किचन पेपरने पुसून घ्या. तुटलेल्या, डाग पडलेल्या ज्या उरतील त्यांचा चुरा करून चीजकेकच्या तळाला वापरा, आयसिंगसकट, फक्त मग तळात साखर वेगळी घालू नका.